लोकरीतली कसर

आज सकाळी पडदा सरकवताना भिंतीवर एक पतंग दिसला. पतंग म्हणायचं एवढंच, बडीशेपेच्या दाण्याएवढा जीव, कोंड्याच्या रंगाचा. मी त्याला बोटानेच दाबलं. बोटावर सोनेरी भुकटी उरली आणि ती धुवायला मी बेसिनपाशी उभी राहिले, ती नितीनने बाहेरून "अगं, झालं का?" असं विचारेपर्यंत साबण लावतच राहिले. एवढ्याशा किड्याचं काय घेऊन बसलीस, हे मी बाहेर आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण त्याने नुसता टॉवेल पुढे केला. ऑक्टोबर संपत आला की माझं असं होतं, हे त्याला आता ठाऊक आहे.

इथल्या शरदाचं सगळ्यांना कोण कौतुक. पुण्याच्या मैत्रिणी लाल-पिवळ्या झाडांचे फोटो मागतात आणि मी पाठवतेही. फोटोला वास नसतो हे बरं. पानं झाडावर असतात तोवर ठीक. एकदा ती खाली आली आणि पाऊस लागला, की त्यांचा काळा लगदा सायकलच्या रस्त्याला चिकटून बसतो, आणि त्याच्याखाली कुत्र्यांनी करून ठेवलेलं आधी चाकाला कळतं, मग नाकाला. बसमध्ये ओल्या कोटांची वाफ. घरात हीटर पहिल्यांदा लावला की त्याच्यावर साठलेली धूळ जळते, कुणाचे तरी केस जळाल्यासारखी. खिडक्या बंद होतात त्या वसंतापर्यंत. मला या ऋतूची किळस आहे. शब्द मी विचार करूनच वापरते आहे. कंटाळा, उदासपण, घरची आठवण, हे सगळं परदेशात सवयीने बोथट होत जातं. किळस तेवढी दर वर्षी ताजी येते.

नेमकं सांगायचं तर ती येते आमच्या इथल्या पहिल्या शरदातून.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आलो ते माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या नोकरीमुळे. तो चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. त्याच्या कामाच्या जागी धुळीचा कणही चालत नाही. आत जाताना डोक्यापासून पावलांपर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, डोळे तेवढे उघडे. संध्याकाळी तो हे कौतुकाने सांगायचा, आणि मी त्याच्या मोज्यांना चिकटलेला कचरा बघत ऐकायचे. पुण्यात मी शाळेत चित्रकला शिकवत होते. इथे डच आल्याशिवाय शाळा दारात उभी करत नाही. आमची सई सकाळी तिच्या शाळेत गेली की दुपारपर्यंत मी आणि खिडकीबाहेरचं कळकट आभाळ. मग मी सुई काढली.

सुई मला लहानपणापासून येते. सांगलीला आमच्या शाळेत शिवणाचा तास असायचा आणि घरी आईला गोधड्यांचा नाद. निघताना तिने आपल्या जुन्या सुती साड्यांचं बोचकं माझ्या बॅगेत कोंबलं होतं. शिवलेली गोधडी जड होते, साड्या ने आणि तिकडे शीव, म्हणाली. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साड्या. एकीचा पदर विरलेला, एकीवर न निघालेला हळदीचा डाग. मी त्या जेवणाच्या टेबलावर थरावर थर अंथरल्या, कडा टाचून घेतल्या आणि धावदोरा घालायला बसले. गोधडीला दुसरा टाका लागतच नाही. सुई आत, सुई बाहेर, कडेकडेने मध्यापर्यंत. त्या कामात डोकं रिकामं होतं, आणि त्या दिवसांत मला डोकं रिकामं करण्याची फार गरज होती.

समोरच्या घरात रिया राहायची. निवृत्त नर्स, माझ्या आईच्या वयाची. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. तिला नुसतं "रिया" म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. तिने खिडकीतून मला शिवताना पाहिलं आणि सरळ येऊन बेल वाजवली. बुधवारी सकाळी वस्तीच्या सभागृहात बायका शिवायला-विणायला जमतात, तू चल, म्हणाली. सई तापाने फणफणली होती तेव्हा हीच रिया तिच्या गाडीतून आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, आणि तिथल्या बाईशी माझ्या वतीने भांडून तिने आम्हाला आत सोडायला लावलं होतं. हे मी मुद्दाम इथेच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना कुणी तिला वाईट समजेल. ती वाईट नव्हती.

त्या सभागृहाचा वास मला आजही नाकात आणता येतो. लोकर ओली झाली की मेंढीची आठवण काढते. दारापाशी टांगलेले कोट ठिबकत असायचे. टेबलाखाली रियाचा म्हातारा कुत्रा पडलेला असायचा, त्याच्या कानाला काहीतरी झालेलं होतं आणि ते मधूनच वाहायचं. रिया त्याचा कान कागदी रुमालाने पुसायची, तो रुमाल बाहीत खोचायची आणि त्याच हाताने बिस्किटांचा डबा पुढे करायची. मी बिस्किट घ्यायचे. नको म्हणणं मला तेव्हा जमत नव्हतं, आणि डचमध्ये तर मुळीच नाही. तोंडात ते बिस्किट फुगायचं. मी कॉफीबरोबर ते गिळायचे आणि हसायचे.

तिथेच मिचिको भेटली. नागोयाची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, नवरा नितीनच्याच धंद्यातला. ती माझ्याआधी बरीच वर्षं इथे होती. सगळ्याजणी विणत असताना ती एका टोकाला बसून जाड निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने काहीतरी भरत होती. मी वाकून पाहिलं आणि थबकले. तो आमचा धावदोराच होता. मी पिशवीतून गोधडी काढून तिच्या कापडाशेजारी ठेवली. तिने चष्मा वर केला, माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली की त्यांच्याकडे याला साशिको म्हणतात. जुनं कापड फाटू नये, थंडीत ऊब राहावी म्हणून गरिबांच्या बायका करायच्या. आता दुकानात फार महाग मिळतं. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच झालंय. त्या दिवसापासून आम्ही शेजारी बसू लागलो. बोलणं फार व्हायचं नाही. तिचं इंग्रजी तुटकं, माझं डच त्याहून. पण सुईत दोरा ओवायचा राहिला की ती माझ्यासाठी ओवून ठेवायची.

त्या शरदात मंडळाने एक काम घेतलं होतं. गावाच्या कडेला आश्रयाला आलेल्या लोकांचं केंद्र होतं. तिथल्या लहान मुलांसाठी थंडीच्या आत ब्लँकेटं करायची. बायका लोकरीचे चौकोन विणणार आणि आम्ही दोघी ते एकमेकांना जोडणार, कारण सुई आमच्या हातात बरी चालते असं रियाचं मत. मला बरं वाटलं होतं. या देशात येऊन मी कुणाच्या तरी उपयोगाचं काही करत होते.

लोकर विकत आणलेली नव्हती. रियाच्या ओळखीची कुणी एकटी म्हातारी वारली होती. तिचं घर रिकामं करताना लोकरीची पोतीच्या पोती निघाली, ती रियाने आणून सभागृहाच्या कपाटात ठेवली. पोतं उघडलं की आधी सिगरेटचा शिळा वास यायचा, मग बंद घराचा. काही गुंड्यांमध्ये पांढरे केस गुंतलेले होते, लांब, माणसाचे. मी ते बोटाने ओढून काढायचे आणि टेबलाच्या कडेला पुसायचे. त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं, पण तिचे केस मी दर बुधवारी उपसत होते. घरी आल्यावर कपडे बदलल्याशिवाय सईला जवळ घेववत नसे. सोवळं-ओवळं आमच्या घरी कधी नव्हतं, आणि इथे येऊन मी अशी का वागतेय हे माझं मलाच कळत नव्हतं.

एका बुधवारी रियाने कपाट उघडलं आणि आतून दोन-तीन पतंग उडाले. छोटेसे, फिकट, उजेडाकडे न येता अंधाराकडेच पळणारे.  लोकरीच्या कामात हे म्हणजे घरात साप निघाल्यासारखं. बायकांनी आपापलं विणकाम मांडीवरून उचललं. आणि मग, कुणी काही ठरवलेलं नसताना, सगळ्यांची नजर कपाटाच्या खालच्या खणाकडे गेली. तिथे माझं साड्यांचं बोचकं होतं. दर वेळी न्यायला-आणायला नको म्हणून मी ते तिथे ठेवत असे.

रियाने अगदी हळुवार आवाजात विचारलं, नर्स पेशंटला विचारते तसं. ही कापडं भारतातून आली आहेत ना, त्यांना काही औषध वगैरे मारलंय का? मी म्हटलं, ती धुतलेली आहेत. ती म्हणाली, हो हो, नक्कीच. मग तिने कचऱ्याची काळी पिशवी आणली, हातात रबरी मोजे चढवले, आईच्या साड्या त्यात भरल्या आणि पिशवीचं तोंड आवळून गाठ मारली. एकजण दुसरीला कुजबुजत म्हणाली तो शब्द मला कळला. सईने इथल्या शाळेत जाऊन सगळ्यात आधी शिकलेला शब्द तोच होता, तिचा डबा उघडला की मुलं म्हणायची तो. फीस. उच्चार आपल्या शाळेच्या 'फीस'सारखाच, अर्थ ओंगळ, घाणेरडं.

पिशवी बाहेर सायकलींच्या शेडमध्ये ठेवली गेली. शेडचं छप्पर गळत होतं.

मला सगळं माहीत होतं. कसर, म्हणजे या पतंगांची कापड खाणारी कीड, सुताला लागत नाही. लोकरीला लागते, रेशमाला लागते. आई शालींच्या घडीत कडुलिंबाचा पाला घालायची, सुती साड्यांत कधी घातला नाही. हे चार वाक्यांत सांगता आलं असतं. पण डचमध्ये कसरीला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, इंग्रजी त्या क्षणी आठवेना, आणि मराठीत सांगून तिथे कुणाला कळणार होतं? मी सायकलवर ती ओली पिशवी बांधली आणि घरी आले.

घरी पिशवी सोडली आणि साड्यांत तोंड खुपसलं. आईच्या कपाटाचा वास होता, थोडा कापराचा. त्याच्याखाली आणखी एक वास होता, जो मला यापूर्वी कधी आला नव्हता. हिंगाचा, तळलेल्या मिरचीचा, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा. सई शाळेतून आली, तिने साडीचं टोक नाकाशी नेलं आणि डचमध्ये म्हणाली, "आई, याला आपला वास येतो." सहज म्हणाली. चांगला की वाईट असं तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात ते जाऊन बसलं.

पुढचे दिवस मी स्वतःला हुंगत काढले. दुकानात रांगेत उभी असले की पुढची बाई जरा सरकली तरी वाटायचं, माझ्या कोटामुळे. रोज केस धुवायला लागले. थंडीत खिडक्या उघड्या टाकून स्वयंपाक करायचे, मग तेही सोडलं. फोडणी बंद केली. उकडलेली भाजी, वरून मीठ-मिरपूड. नितीन म्हणाला, आपण आजारी आहोत का? मी त्याच्यावर खेकसले. सकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून निघाले तरी जिन्यात थांबून मनगट नाकाशी न्यायचे. दुसऱ्याला आपली किळस यावी हे वाईट. आपल्या नाकाने त्यांची बाजू घ्यावी हे त्याहून वाईट, आणि त्यावर काही इलाज सापडत नाही. आपल्यापासून दूर सरकायला आपल्याला जागा कुठे असते?

मिचिको आता परत नागोयाला गेली आहे. मधूनच तिच्या टाक्यांचे फोटो पाठवते. त्या शरदात ती मला एकटी भेटायला आली नसती तर मी इथे टिकले असते की नाही, सांगता येत नाही.

ती आली ती पावसात, सायकलवरून, कोटाच्या आत काहीतरी सांभाळत. आत येताच तिने वर्तमानपत्र मागितलं, टेबलावर पसरलं आणि कोटातून प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक लाल लोकरीचा गुंडा काढला. त्या वारलेल्या बाईच्या पोत्यातला. तिने तो कात्रीने मधोमध उघडला.

आत घरटं होतं. लोकरीचे धागे जागोजाग तुटलेले, त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेशमी नळ्या, आणि त्या नळ्यांतून तांबूस डोक्याच्या अळ्या हलत बाहेर येत होत्या, आंधळ्यासारख्या, उजेडाने त्रासलेल्या. वर्तमानपत्रावर खसखशीसारखे कण सांडले. लाल. त्या जे खातात त्याच रंगाचं हगतात. मी मोरीकडे धावले आणि ओकले. परत आले तेव्हा मिचिको शांतपणे कागदाची पुरचुंडी वळत होती.

"तुझी कापडं नव्हेत," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी माहीत होतं. पण मी बोलले नाही. मीही इथे बाहेरचीच ना."

मग तिने सांगितलं. ती नवी आली तेव्हा तिच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली होती, माशाचा वास येतो म्हणून. तिने सुका मासा आणणं बंद केलं. मग सूप बंद केलं. मग मुलगा म्हणायला लागला की जपानी जेवण त्याला आवडत नाही. हे सांगताना ती हसली, पण आवाजात हसू नव्हतं. मी उठून चहा टाकला. आल्याचा, वेलची घातलेला, घर दरवळेल असा. ती दोन कप प्यायली.

पुढच्या बुधवारी आम्ही तो गुंडा रियासमोर उघडला. या वेळी मी शब्द पाठ करून गेले होते. कसरीला, सुताला, लोकरीला काय म्हणतात, सगळे. रियाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने माझा हात धरला आणि माफी मागितली, खरीखुरी, डोळ्यात पाणी आणून. गुंडा कचऱ्यात टाकला. मग कपाटाचा दुसरा खण उघडून तिने तयार ब्लँकेटांची चळत बाहेर काढली आणि म्हणाली, चला, आता ही शुक्रवारी पोचवायची.

ब्लँकेटं त्याच लोकरीची होती. जोडणारे टाके माझे आणि मिचिकोचे.

मी म्हटलं, यातही असणार. रिया म्हणाली, झटकून घेऊ, उन्हात टाकू. ऊन कुठे होतं? गरम पाण्यात धुतली तर आटून घोंगडी होणार. मिचिको म्हणाली, बर्फात ठेवली तर कसर मरते, आमच्याकडे फ्रीझर आहेत. रियाने खांदे उडवले. किती मावणार तुमच्या फ्रीझरमध्ये, ठेवा मावतील तेवढी. आणि मग तिने ते वाक्य म्हटलं, रागाने नाही, अगदी समजुतीच्या सुरात, सईला ताप असताना माझ्याशी बोलली होती त्याच सुरात.

"अगं, ते लोक कुठून कुठून आलेत. जमिनीवर झोपलेत. त्यांना काय एवढं, मिळेल ते आनंदाने घेतील."

माझ्या घशात आलं ते ओकारीसारखंच होतं. पण या वेळी शब्द होते. मी म्हटलं, "त्यांनाही किळस येते, रिया."

 टेबलाखाली कुत्र्याने कान झाडला. रियाने ब्लँकेटांच्या घड्या पुन्हा नीट केल्या, ज्या आधीच नीट होत्या.

फ्रीझरमध्ये मावतील तेवढी ब्लँकेटं आम्ही दोघींनी घरी नेली. माझ्या फ्रीझरमधले वाटाणे, खवलेला नारळ, आईकडून आणलेल्या गूळपोळ्या बाहेर आल्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लोकर आत गेली. नितीनने बर्फासाठी दार उघडलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, टाकून का देत नाही? मी म्हटलं, माझ्या हाताने शिवलंय. त्याने दार लावलं. पण त्या फ्रीझरमधलं काही खाण्याची माझी इच्छा पुढे कित्येक दिवस झाली नाही.

शुक्रवारी मी रियाच्या गाडीत बसून केंद्रावर गेले. मिचिकोला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाणंही जमेना. माझे टाके कुणाच्या मुलाच्या अंगावर पडणार ते मला बघायचं होतं. तिथल्या मोठ्या खोलीत ब्लँकेटं टेबलांवर मांडली. आमची फ्रीझरमधली आणि रियाची झटकलेली एकत्रच मिसळून गेली. मी वेगळी ठेवायचा प्रयत्न केला, पण हात खूप होते. बायका येत होत्या, मुलांना खांद्यावर घेऊन, बऱ्याच पातळ कोटात.

एक तरुण बाई आली. कोणत्या देशाची ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. तिच्या पाठीला बाळ बांधलेलं होतं. तिने एक ब्लँकेट उचललं, लाल आणि करड्या चौकोनांचं. रियाने हसून स्वतःच्या दंडावर हात चोळून दाखवले, ऊब, ऊब. बाईने ब्लँकेट उलटं केलं. लोकर ओळखणाऱ्या माणसासारखी तिने अंगठ्याच्या नखाने वीण फाकवली, आत पाहिलं, नाकाशी नेलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. तिने त्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, दोन बोटांनी आमच्याकडे सरकवली आणि बोटं स्वतःच्या स्कर्टला पुसली.

"नको," ती डचमध्ये म्हणाली. एवढाच शब्द.

रियाने घडी पुन्हा तिच्याकडे केली. बाई मागे सरकली. रिया माझ्याकडे वळली. "तू सांग ना तिला," ती मला म्हणाली. "तुझं ऐकेल ती."

मी त्या बाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. या देशात आल्यापासून माझ्या चेहऱ्याआड दाबून ठेवलेलं जे होतं, ते तिच्या चेहऱ्यावर उघडं होतं. लपवायची गरज तिला वाटत नव्हती. तिच्याजवळ घर नव्हतं, थंडी तोंडावर होती, पाठीवर लेकरू होतं, तरी तिने आपलं नाक कुणाला देऊन टाकलेलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. तेवढा हेवा मला या देशात घर असलेल्या बाईचा वाटला नाही, नोकरी असलेल्या बाईचा वाटला नाही.

"मी काय सांगू? तिला नकोय," मी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी हे पाहिलं होतं. एकीने हातातलं ब्लँकेट ठेवलं, मग दुसरीने. केंद्रातला एक माणूस आला, त्याने वीण उघडून बघितली, आणि फार सभ्यपणे, फार वेळ लावून रियाला सांगितलं की हे सगळं परत न्यावं लागेल. सगळं. आमच्या फ्रीझरमधलंही. किळस आली की ती आपलं-परकं बघत नाही.

आम्ही गाडी भरली. परतीच्या रस्त्यावर पाऊस होता. रिया घराकडे न वळता महापालिकेच्या कचरा टाकायच्या जागी गेली, जिथे चढावर गाड्या उभ्या करून लोक खालच्या मोठाल्या लोखंडी डब्यांत सामान टाकतात. आम्ही दोघी मागून ब्लँकेटं काढत गेलो आणि कठड्यावरून एकेक टाकत गेलो. जिथे जिथे माझे टाके होते तिथे ते दिसत होते, सारखे, एका रेषेत. चांगलं काम होतं. मी एकही मागे ठेवलं नाही.

शेवटचं ब्लँकेट रियाने हातातच धरून ठेवलं. तिचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते आणि ती एकदम म्हातारी दिसत होती.

"माझ्या नातवंडांसाठी असतं ना," ती म्हणाली, "तर ज्या दिवशी तो गुंडा उघडला त्याच दिवशी मी हे फेकलं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि ते सोडलं. लोकर पडताना आवाज होत नाही. आम्ही कठड्यावरून वाकून खाली बघत उभ्या राहिलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा निघालो.